पांढरीतला कोळसा

घोडनदीच्या काठाला आमच्या शिवारात पांढरीची टेकाडं होती. पांढर म्हणजे उठून गेलेल्या वस्तीची राखट, भुसभुशीत माती. शेतकरी ती खत म्हणून गाड्या भरभरून रानात टाकायचे. किती जुनी, असं विचारलं की म्हातारी माणसं सांगायची, "पांडवांच्या वेळची."

१९६८ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजची मंडळी इनामगावात उत्खननाला आली आणि १९८३ पर्यंत येत राहिली. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं आम्हा पोरांना पाठ झाली होती. माझी आई तिथं पाट्या वाहायला जायची. एकदा जळक्या जमिनीतून कोळशाचा खडा निघाला. तिनं तो उचलायला हात घातला, तर "बाई, हात नका लावू" म्हणत त्यांनी तो चिमट्यानं उचलून चांदीसारख्या कागदात गुंडाळला. घरी येऊन ती म्हणाली, "मडकी उघड्यावर ठेवतात नि कोळसा जपतात!"

त्याचं कारण मला कळलं ते पुढं विज्ञानाचा मास्तर झाल्यावर. मडक्यांच्या घडणीवरून आणि थरांवरून कोण आधी, कोण नंतर एवढं सांगता येतं. वर्षं मोजता येत नाहीत. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन-१४ घेत राहतं. तोडलं की आवक बंद, आणि आतला साठा ठरल्या गतीनं निम्मा होत जातो. निम्मा व्हायला लागतो तो अर्धायुकाल. विलर्ड लिबी यांनी शिकागोत १९४९ साली वय ठाऊक असलेल्या इजिप्तच्या थडग्यांतल्या लाकडांवर ही रीत पडताळून पाहिली. १९६० साली त्यांना नोबेल मिळालं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अशी प्रयोगशाळा उभी राहिली. पुढं हे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेलं. कोळसा आम्लात, मग अल्कलीत धुवायचा, त्याचा वायू करायचा आणि फुटणारे अणू तासन्‌तास मोजत बसायचं.

वर्गात मी हेच गणित लॉगच्या कोष्टकावर करून घ्यायचो. समजा, कोळशात कार्बन-१४ चे शंभरातले ६९ भाग उरलेत. शंभर भागिले ६९, त्याचा लॉग ०.१६१२. त्याला दोनच्या लॉगनं, ०.३०१० नं, भागलं की ०.५३५५. म्हणजे अर्धायुकाल एकदा उलटायच्या वाटेवर निम्म्याहून थोडं पुढं. आता याला अर्धायुकालानं गुणायचं. पण कुठल्या?

लिबींचा आकडा ५,५६८ वर्षं. त्यानं वय येतं २,९८२. १९६२ साली केंब्रिजच्या परिषदेत अधिक नेमका ठरलेला आकडा ५,७३०. त्यानं येतं ३,०६८. कोळसा जागचा हलला नाही आणि वय ८६ वर्षांनी वाढलं! तरी जगभरच्या प्रयोगशाळा जुनाच आकडा धरून वय छापत राहिल्या, आधीच्या हजारो तारखांशी गोंधळ नको म्हणून. ही वयं मोजायची १९५० सालापासून मागं. 'आज' म्हणजे १९५० हा पायंडाच पडला. त्यात हवेतला कार्बन-१४ सगळ्या काळी सारखा नव्हता, हे झाडांच्या वर्तुळांनी दाखवून दिलं. ती दुरुस्ती केली की हा कोळसा आणखी काही दशकं मागं सरकतो.

अशा आकडेमोडीतूनच इनामगावची वस्ती इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यान बसली. आधी चौकोनी घरं, शेवटच्या काळात गोल झोपड्या. शेतात जव. लेकरू गेलं की दोन रांजणांची तोंडं जुळवून त्यात ठेवायचं आणि घरातच जमिनीखाली पुरायचं. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे चूल नि दुःख, दोन्ही आपलीच." वर्षांचं तिला अप्रूप नव्हतं.

मला होतं. उत्तरपत्रिकेत नुसतं वय लिहिणाऱ्याला मी विचारायचो, "कुठल्या अर्धायुकालानं?" तो आकडा शेजारी नसला, तर उत्तर बरोबर असूनही मी अर्धा गुण कापायचो.