एकलकोंडा आणि विविक्त

लग्नघरात सगळे पत्ते कुटत असताना एखादा मुलगा पुस्तक घेऊन गच्चीवर जाऊन बसला, की त्याला लगेच नाव मिळते: एकलकोंडा. वय वाढेल तसा तो घुमा होतो, मग तुसडा आणि शेवटी माणूसघाणा. अशा या बढत्या. हाच मुलगा पुढे नामवंत संशोधक झाला, तर चरित्रकार त्याला ‘एकांतप्रिय’ म्हणतात.

घरगुती मराठीने दिलेली ही नावे नाव ठेवणाऱ्याच्या बाजूने घडली आहेत. आपल्याला टाळले गेले, हा सल त्यांत आहे. तो माणूस तिकडे का गेला, हे कळायला संस्कृतातून आलेले शब्द उलगडावे लागतात.

‘एकांत’ म्हणजे एक अधिक अंत. अंत म्हणजे शेवट, तशीच कड किंवा बाजूही. एकच बाजू धरून बसणारे मत ‘एकांतिक’, आणि त्याच्या उलट जैनांचा ‘अनेकान्तवाद’. मात्र एकांत या जागेत दोघेही मावतात. ‘जरा एकांतात बोलायचंय’ म्हणणाऱ्याला ऐकणारा लागतोच, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात नव्या जोडप्याला हवा असतो तोही एकांतच.

‘एकाकी’चे तसे नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात ‘एक’ला लागणारा हा प्रत्यय ‘असहाय’ या अर्थी सांगितला आहे. सहाय म्हणजे सोबत चालणारा; तो ज्याला नाही तो एकाकी. गीतेच्या सहाव्या अध्यायातला योगी आपणहून एकाकी राहतो. मराठीत मात्र हा शब्द कारुण्याकडे झुकला आणि म्हातारपणाला जाऊन चिकटला.

त्याच योग्याच्या बैठकीसाठी तिथे ‘रहस्’ हा शब्द येतो: निर्जन, आडबाजूची जागा. मूळ धातू ‘रह्’, म्हणजे सोडणे. ‘रहित’ आणि ‘विरह’ त्याचेच. रहस् मध्ये जे असते ते ‘रहस्य’. चारचौघांत ज्याला वाचा फुटत नाही असे काही प्रत्येकाजवळ असते; काहींजवळ ते जास्त असते इतकेच.

सर्वांत बोलका शब्द ‘विविक्त’. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना गीता विविक्त जागेची आवड आणि जनसमुदायाविषयी ‘अरति’ ही दोन लक्षणे जोडीने देते. अरति म्हणजे गोडी नसणे. तिच्यात माणसांची घाण वाटण्याचा अंशही नाही. विविक्त बनतो ‘वि’ आणि ‘विच्’ यांपासून. अर्थ वेगळे करणे, आणि जुन्या वापरात धान्य पाखडणेही. ‘विवेक’ याच धातूचा. गर्दीत दिवसभर कानावर पडलेले सुपात घेतल्याशिवाय त्यातले आपले कोणते आणि लोकांचे कोणते हे ज्यांना कळत नाही, ते माणसांतून उठून बाजूला जातात.

विविक्तचा सरळ अर्थ न मिसळलेला, म्हणून शुद्धही. आपल्याकडे नातेवाईक तक्रार करतात, ‘अहो, तुमचा मुलगा कुणात मिसळतच नाही!’ शब्दकोश उघडून पाहिले, तर ही तक्रार म्हणजे विविक्तचे चोख मराठी भाषांतर आहे.