मोटारसायकलीचा चिमटा

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे येणारा माणूस मोटारसायकलीवर असेल, तर गाडीची प्रकृती त्याला पहिल्या दोन वळणांतच कळते. इंजिनाचा जोर उतारावर फारसा उपयोगी पडत नाही. गाडी वळणात धरून राहते की मागून डुलते, एवढाच प्रश्न असतो. आज मी जे सांगणार आहे ते ह्या डुलण्याचे आहे. गाडीचा सांगाडा, ज्याला आपले मेस्त्री चेसी म्हणतात, आणि त्याखालच्या स्प्रिंगा कशा बदलत गेल्या, आणि जुन्या गाडीत त्या बदलायच्या तर किती बदलाव्यात, त्याची ही हकीकत.

सुरुवातीच्या मोटारसायकली म्हणजे इंजिन बसविलेल्या सायकलीच. मागचे चाक सांगाड्यात ताठ जखडलेले. धक्का बसला की तो थेट पाठीच्या कण्यात. सीटखाली दोन स्प्रिंगा असत, तेवढाच काय तो दिलासा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने वापरलेली बी. एस. ए. एम-२० ही अशीच, मागून संपूर्ण ताठ असलेली गाडी. पुढे मात्र तिला स्प्रिंग होती. पुढच्या बाजूची सुधारणा आधी झाली, कारण हँडल हातात असते आणि हाताला तक्रार लवकर कळते. बी. एम. डब्ल्यू. ह्या जर्मन कारखान्याने १९३५ साली आर-१२ ह्या गाडीला एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा आणि आत तेल असलेला फोर्क बसविला. आज आपल्या दारातल्या बहुतेक गाड्यांचे पुढचे पाय त्याच जातीचे आहेत.

तेल कशाला, असे कोणी विचारील. शिक्षकांना हे वर्गात दाखविता येईल. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून तिला अर्धी वीट बांधा, ओढा आणि सोडा. वीट कितीतरी वेळ वरखाली होत राहील. आता तीच वीट पाण्याच्या बादलीत लोंबकळत ठेवून तसेच करा. थोड्याच हेलकाव्यांत ती थांबेल. नुसती स्प्रिंग धक्का गिळते, पण गिळलेला धक्का ती परत फेकते. तेलाला बारीक भोकांतून जावे लागते आणि त्या ओढाताणीत धक्क्याची शक्ती उष्णता होऊन जिरते. शॉकअपमध्ये हेच चालते. तेल गळून गेलेला शॉकअप म्हणजे नुसती ट्यूबची पट्टी! गाडी खड्ड्यातून बाहेर आली तरी तिचे नाचणे थांबत नाही, आणि तेवढ्यात वळण आले तर चाकाची जमिनीवरची पकड अर्धवटच असते.

मागच्या चाकाचा प्रश्न सोडविण्यात ज्यांचा मोठा हात होता, त्यांत बेलफास्टचा रेक्स मॅककँडलेस हा एक. त्याने युद्धाच्या काळात मागचे चाक एका हलत्या दांड्यावर बसविले. ह्या दांड्याला इंग्रज स्विंग आर्म म्हणतात, आणि आपल्याकडचे मेस्त्री चिमटा म्हणतात. मला चिमटा हाच शब्द जास्त बरोबर वाटतो, कारण तो चाकाला दोन्ही बाजूंनी धरतो. मॅककँडलेसने त्याला एका मोटारीचे तेलाचे शॉकअप जोडले. पुढची गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. त्याने लोकांच्या जुन्या, ताठ पाठीच्या गाड्यांवर हा चिमटा बसवून देण्याचा उद्योग केला. म्हणजे जुनी गाडी सुधारण्याची हौस आजच्या पोरांची नाही, ती ऐंशी वर्षांची आहे.

नंतर त्याने नॉर्टन कंपनीसाठी दोन नळ्यांचा, इंजिनाला सर्व बाजूंनी कवेत घेणारा सांगाडा केला. १९५० साली आइल ऑफ मॅन बेटावरच्या सीनियर टी. टी. शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक त्या सांगाड्याच्या नॉर्टन गाड्यांनी घेतले. जेफ ड्यूक पहिला आला. ह्या सांगाड्याला ‘फेदरबेड’, म्हणजे पिसांची गादी, असे नाव पडले. ह्या गाड्यांची इंजिने प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत जुन्या घडणीची होती. शर्यत सांगाड्याने जिंकली, असे म्हटले तर ते चूक होणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. त्याच सुमारास चिमटा लावलेली बुलेट इंग्लंडातून निघाली आणि भारतीय लष्कराने ती सरहद्दीच्या गस्तीसाठी पसंत केली. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना १९६०-६१च्या सुमारास सुरू झाला. तिची गाडी मूळची चेकोस्लोव्हाकियाची, पुढे तिचे नाव येझदी झाले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. ह्या दोन्ही गाड्या आपल्या भागात अजून दिसतात, आणि सुधारणेची हौस सर्वांत जास्त त्यांच्यावरच होते.

बुलेटच्या जुन्या सांगाड्याला पुढून एकच नळी खाली येते आणि तळाला नळीच नाही. मधला भाग इंजिन स्वतः सांधते. घराच्या तुळईचे काम उखळाने करावे, तसेच हे. इंजिनाचे बोल्ट सैल झाले की सांगाडाच सैल झाला. म्हणून अशी गाडी डुलू लागली, तर नवा शॉकअप विकत घेण्याआधी बोल्ट आवळावेत. मग हँडलचा कोन सेट पाहावा. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने डावीउजवीकडे हलवावे. खडखड झाली तर चिमट्याचे बुश झिजले आहेत. त्यानंतर दोन्ही चाके एका ओळीत आहेत की नाही ते सुतळी धरून पाहावे. माझ्या अंदाजाने निम्मी ‘सुधारणा’ एवढ्यातच होऊन जाते.

चिपळूणकरांना आणखी एक सांगायला हवे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा असंख्य दुचाकी चिखलात बुडाल्या. लोकांनी इंजिने खोलून धुतली, पण कित्येकांचे फोर्क तसेच राहिले. फोर्कमधले तेल काढले आणि ते ताकासारखे पांढुरके निघाले, तर आत पाणी आहे असे समजावे. तेथे ऑइल सील बदलून ठरलेल्या मापाचे नवे तेल घालावे. जास्त जाड तेल घातले की फोर्क मजबूत होतो, हा समज अर्धाच खरा आहे. फार जाड तेलाने फोर्क आखडतो आणि लागोपाठच्या बारीक खड्ड्यांवर चाक जमिनीला चिकटून राहात नाही.

उंचीचे तसेच. मागे लांब शॉकअप घालून गाडी उंच केली की पुढचा फोर्क जास्त उभा होतो. गाडी चटकन वळते खरी, पण वेगात हँडल थरथरू लागण्याचा धोका वाढतो. फोर्क लांब करून पुढे ढकलला, तर सरळ रस्त्यावर गाडी शांत जाते आणि घाटाच्या वळणात मात्र बैलगाडीएवढी जागा मागते. एकीकडे दिले की दुसरीकडे घेतले जाते.

खुद्द कारखान्यालाही ही चेसी बदलायला फार काळ लागला. रॉयल एन्फिल्डने २०१३ साली आणलेल्या काँटिनेंटल जी. टी. चा दोन नळ्यांचा सांगाडा इंग्लंडच्या हॅरिस मंडळींनी केला. २०१५ साली कंपनीने ती हॅरिस संस्थाच विकत घेतली. खुद्द बुलेटला दोन नळ्यांचा सांगाडा मिळाला तो २०२३ साली. हे काम कापण्या-जोडण्याइतके सोपे असते, तर इतकी वर्षे लागली असती का?

वेल्डिंगची भीती मला म्हणूनच वाटते. नळी कापून जोडली की सांध्यालगतचे पोलाद उष्णतेने बदलते. वरून रंग दिल्यावर ते दिसत नाही आणि चीर बहुधा त्याच कडेला पडते. घाटात, मागे बायको आणि पुढे टाकीवर मूल असताना, ती चीर उघडावी असे कोणाला वाटेल?

कायदाही येथे आड येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. झिजलेला बुश, गळका सील, त्याच मापाचा नवा शॉकअप ही झाली दुरुस्ती. चेसी कापून चाकांमधले अंतर बदलणे हा झाला बदल. आपले काम दुसऱ्या प्रकारात मोडते अशी शंका असेल, तर करवत हाती घेण्याआधी गाडीचे कागद घेऊन रत्नागिरीच्या परिवहन कार्यालयात विचारून यावे.