जगदंबा तलवार

जगदंबा तलवार ही छत्रपती शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी रत्नजडित तलवार असून ती इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. १८७५-७६ च्या भारतभेटीत युवराज एडवर्ड (पुढे सातवे एडवर्ड) यांना ती कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांच्याकडून नजर करण्यात आली.

स्वरूप : पाते सरळ, एकधारी व युरोपीय बनावटीचे आहे. अशा पात्याच्या तलवारीस ‘फिरंग’ म्हणत. पात्यावर ‘आयएचएस’ ही येशूच्या नावाची अक्षरमुद्रा तीनदा उमटवलेली आहे. मूठ मात्र भारतीय घडणीची, पोलादी व रुंद परज असलेली असून तिच्यावरील जाळीदार फुलवेलींत मोठे हिरे व माणके जडवली आहेत.

भवानी तलवार : धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरच्या तुळजाभवानीने महाराजांना तलवार दिली, अशी आख्यायिका आहे. शारदीय नवरात्रात देवीची ‘भवानी तलवार अलंकार’ महापूजा याच प्रसंगावर बांधली जाते. भवानी व जगदंबा ही दोन्ही देवीचीच नावे असल्याने या तलवारींबाबत गल्लत होते. लंडनमधील तलवार हीच भवानी, असे मानून बॅ. अ. र. अंतुले यांनी मुख्यमंत्रिपदाच्या काळात (१९८०-८२) ती परत आणण्याचा प्रयत्न केला. साताऱ्याच्या राजघराण्यातील तलवारीसही परंपरेने भवानी म्हणतात.