रबराचे ऑक्सिडीभवन

हवेतील ऑक्सिजनामुळे नैसर्गिक रबराचा लवचिकपणा जाण्याची रासायनिक क्रिया. बोलीत ‘रबर कुजले’ म्हणतात, पण सूक्ष्मजीवांशी तिचा संबंध नाही. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्याला घातलेला रबरबँड आधी चिकट होऊन कागदाला तपकिरी डाग पाडतो, काही वर्षांनी कडक होतो आणि सोडवू जाता त्याचे तुकडे हातात येतात. या दोन्ही अवस्था एकाच क्रियेच्या आहेत.

रबराचा रेणू म्हणजे हजारो आयसोप्रीन एककांची साखळी. प्रत्येक एककात एक द्विबंध उरलेला असतो व त्याच्या शेजारच्या कार्बनावरील हायड्रोजन सहज सुटतो. उष्णता, प्रकाश किंवा घुसळण यांनी तो निघाला, की मुक्त मूलक तयार होतो. त्याला ऑक्सिजन जोडला जाऊन पेरॉक्सी मूलक बनतो. हा मूलक शेजारचा हायड्रोजन ओढून हायड्रोपेरॉक्साइड होतो आणि तेथे नवा मूलक उरतो. हायड्रोपेरॉक्साइड फुटले, की आणखी मूलक निर्माण होतात. त्यामुळे आरंभी रेंगाळणारी क्रिया पुढे आपणच वेग घेते. साखळी नेमकी कोणत्या टप्प्यावर तुटते, याविषयी एकवाक्यता नाही. लांब साखळी मधोमध एकदाच तुटली तरी तिची लांबी निम्मी होते. म्हणूनच वजनाच्या सुमारे १ टक्का ऑक्सिजन शोषला गेला, तरी वस्तू बहुधा निकामी ठरते. तुटण्याने रबर मऊ पडते, तर साखळ्यांमध्ये नवे आडबंध पडल्यास कडक होते. नैसर्गिक रबरात पहिले आधी घडते. स्टायरीन-ब्युटाडाईन या कृत्रिम रबरात मात्र दुसऱ्याचाच जोर असतो.

इतिहास : ए. डब्ल्यू. हॉफमान यांनी १८६१ साली उष्ण कटिबंधात तारांवरील गट्टापर्चाचे आवरण का बिघडते, याचा विचार करून दोष ऑक्सिजनाला दिला. गट्टापर्चा हा रबराचाच भाऊबंद. त्याची एकके तीच, द्विबंधाभोवतीची मांडणी तेवढी वेगळी. जॉन स्पिलर यांनी १८६५ मध्ये बिघडलेल्या रबरातून ऑक्सिजनयुक्त राळेसारखा पदार्थ वेगळा केला. वर दिलेली मूलक-शृंखला १९४० नंतरच्या दशकात बोलँड व गी यांच्या ब्रिटनमधील संशोधनाने रूढ झाली.

तांबे व मँगॅनीज यांचे अंश क्रियेला चालना देतात. रबरी आवरणाच्या जुन्या वायरींत तांब्याच्या तारेवर कथिलाचा मुलामा असे, तो तांबे व रबर एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी.

प्रकाश : परिणाम मुख्यतः पृष्ठभागावर.

ओझोन : हा सरळ द्विबंधावरच घाला घालतो. भेगा केवळ ताणलेल्या रबराला, तेही ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात. सायकलच्या टायरच्या बाजूवर त्या सहज दिसतात. हारीस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच विघटनाचा उपयोग रबराची रचना उलगडण्यासाठी केला.

कसोटी : रबर ऑक्सिडीभवनाला कितपत तोंड देते हे पाहण्यासाठी कच्च्या रबराचा नमुना १४० °से. तापमानाला ३० मिनिटे तापवून आधीची व नंतरची आकार्यता ताडून पाहतात. नंतरची आधीच्या किती टक्के उरली, हा आकार्यताधारण निर्देशांक.

प्रतिबंध : चिकातील टोकोट्रायनॉले व काही प्रथिने थोडे संरक्षण देतात. कारखान्यात प्रतिऑक्सिडीकारके मिसळतात. त्यांपैकी टायरमध्ये रूढ असलेल्या ६-पीपीडीची ओझोनाशी विक्रिया होऊन क्विनोन बनते. पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरणारे हे क्विनोन कोहो सामन माशांना मारक ठरते, असे २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले.