अक्षराचे नाव आणि अक्षराचा ध्वनी

प्रभूची प्रार्थना मुखोद्गत आहे, परंतु तीच छापलेली समोर ठेवली तर पहिली ओळही वाचता येत नाही, अशी मुले आपल्या धर्मशिक्षणवर्गांत आपणांस भेटतात. ही अडचण जुनी आहे. धर्मसुधारणेच्या काळी जर्मनीतील एका शिक्षकाने तिच्यावर शोधलेला उपाय आपण जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

त्या काळी तेथील मूल प्रथम अक्षरांची नावे घोकी व मग नावे उच्चारून शब्द जुळवी. टोपीला जर्मन भाषेत ‘हूट’ म्हणतात. मुलाने म्हणावयाचे ‘हा-ऊ-टे’. या तीन नावांतून ‘हूट’ कसा निघावा?

वालेंटीन इकेलझामर याने १५२७ साली एर्फुर्ट येथे वाचनाच्या सुलभ रीतीवर एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. नावे बाजूस ठेवून ध्वनी शिकवावे, हे त्याचे सूत्र. हातांवर सोडलेला श्वास म्हणजे ‘ह्’, चिडलेल्या कुत्र्याची गुरगुर म्हणजे ‘र्’, ऊन अन्नावर घातलेली फुंकर म्हणजे ‘व्’, असे तो शिकवी. जुनी रीत मात्र सहजासहजी गेली नाही. प्रशियाच्या शाळांतून ती वगळण्याचा सरकारी आदेश १८७२ साली निघाला.

इकेलझामरचा हेतू केवळ शालेय नव्हता. प्रत्येकाने देवाचे वचन स्वतः वाचावे व त्याविषयी स्वतः निर्णय करावा, ही त्याची इच्छा होती. १५२५ साली त्याने कार्लश्टाट याची बाजू घेऊन खुद्द ल्यूथरविरुद्ध लेखणी चालविली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्या देवनागरीत अक्षराचे नाव बहुधा ध्वनीवरूनच पडलेले आहे, हे आपले भाग्य. तरीही ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य यांतील ‘ज’ निरनिराळे आहेत. आणि ‘भक्त’ या शब्दातील ‘क्’ स्वराविना उभा आहे. केवळ बाराखडी घोकून हे भेद उमजत नाहीत. शब्द आधी कानाने ऐकवावा, त्यातील ध्वनी मुलाकडून वेगळे करवावे, आणि मगच पाटीवर अक्षर काढावे.

वाचू लागलेले मूल उद्या शास्त्र उघडून आपल्याच उपदेशाविषयी प्रश्न विचारील. पाठांतरावर संतुष्ट राहणाऱ्या शिक्षकाला हे भय नसते. परंतु मंडळी वचनावर उभारावयाची असेल, तर त्या प्रश्नाचे स्वागत करणे हे आपले कर्तव्यच होय.