‘ढ’ ठरवलेली मुलं : अध्ययन अक्षमता म्हणजे काय, आणि काय नाही

वस्तीतल्या विहारात संध्याकाळी आम्ही अभ्यासिका चालवतो. तिथे सातवीतला एक मुलगा यायचा. भीमजयंतीला त्याने महाडच्या सत्याग्रहावर दहा मिनिटं न अडखळता भाषण केलं, सगळं ऐकून पाठ केलेलं. तोच मुलगा फळ्यावरच्या चार ओळी वहीत उतरवताना घामाघूम व्हायचा. ‘भात’चं ‘मात’, ‘धर’चं ‘घर’. शाळेचं म्हणणं, लक्ष नाही. घरच्यांचं म्हणणं, आळशी आहे. आणि आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याने त्याला सगळ्यांसमोर ऐकवलं, “बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचायचे, तुला एक धडा वाचवत नाही?” तेव्हा आम्ही कोणीच त्याला अडवलं नाही.

त्या मुलाला विशिष्ट अध्ययन अक्षमता होती, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी. यात बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते, डोळे-कान ठीक असतात. पण अक्षर आणि ध्वनी, अंक आणि संख्या यांची सांगड मेंदूत सहज बसत नाही. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्यात असेल तर डिसग्राफिया, गणितात असेल तर डिसकॅल्क्युलिया. बऱ्याचदा एकाच मुलात दोन-तीन गोष्टी एकत्र दिसतात. ही अडचण जन्मापासून असते, अनेकदा घराण्यात आधीही कोणाला तरी असते. ती मारून जात नाही, औषधाने जात नाही. वेगळ्या पद्धतीने, सावकाश शिकवलं तर मूल तिच्यासकट पुढे जातं.

ही अडचण फक्त इंग्रजी माध्यमाच्या, श्रीमंत घरच्या मुलांना होते असा समज 2007 च्या ‘तारे जमीन पर’ नंतर आणखी पक्का झाला. चित्रपट चांगलाच होता, पण त्यातलं घर आपल्या वस्तीतलं नव्हतं. मराठीत लिहितानाही हीच मुलं अडतात. ‘कि’ म्हणताना ‘क’ आधी येतो आणि वेलांटी नंतर. लिहिलेल्या अक्षरात मात्र वेलांटी आधी दिसते. जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ, ‘भ-म’, ‘घ-ध’ ही जोडी तर विचारूच नका. संख्यांचंही तसंच. ‘पंचेचाळीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो, म्हणून मूल 54 लिहितं. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या गणितात ‘चाळीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा तिची भरपूर टिंगल झाली. टिंगल करणाऱ्यांनी अशा एखाद्या मुलाशेजारी बसून पाढे घेतले असते तर बरं झालं असतं.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडथळा आहे, आणि तो जातीचा आहे. सवर्ण घरातलं मूल वाचनात मागे पडलं की ‘काहीतरी तपासून घ्या’ असं सांगितलं जातं. आपलं मूल मागे पडलं की कारण आधीच तयार असतं: घरी वातावरण नाही, आईबाप अडाणी, ‘यांचं असंच’. मग तपासणी कोण करणार? उलट्या बाजूने आपणही तेच करतो. ‘शिका’ हा आपल्या घरातला पहिला संस्कार. त्यामुळे न शिकता येणारं मूल आपल्याला चळवळीचा अपमान वाटतं आणि त्याच्या पाठीत धपाटा बसतो.

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार दिले आहेत. त्यात बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता या तीन स्वतंत्र नोंदी आहेत. बोलताना आपण तिन्हींना सरसकट ‘मतिमंद’ नाहीतर ‘वेडा’ म्हणतो. डिस्लेक्सिया हा मानसिक आजार नाही. पण वर्षानुवर्षं अपमान झाला की त्यातून चिंता आणि नैराश्य येऊ शकतं. अशी मुलं आधी पोट दुखतं म्हणून शाळा बुडवतात, मग चिडचिड करतात, मग गप्प होतात. गप्प झालेल्या मुलाकडे सगळ्यांत आधी बघा.

नैराश्याबाबतचा गैरसमज तर शिकलेल्या कार्यकर्त्यांमध्येही आहे. ‘मन खंबीर ठेव’ असं सांगून ते जात नाही. स्किझोफ्रेनियामध्ये कानात आवाज येणाऱ्या माणसाला, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं घरसुद्धा रात्री गुपचूप भगताकडे नेतं, हे आम्ही पाहिलं आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 12 राज्यांमध्ये दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार हा हक्क ठरवला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं हा कायदा गृहीत धरतो, म्हणून ‘केस होईल’ या भीतीने दवाखाना टाळू नका. टेली मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

आता प्रमाणपत्राबद्दल. केंद्राच्या 2018 च्या सूचनांनी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून द्यायचं ठरवलं होतं. 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी हेही त्यात होतं. आधी डोळे, कान आणि बुद्ध्यांक तपासतात, नंतर वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतात. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत हे काम होतं. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, आणि दोन-चार खेपा होतील हे धरून चाला. मूल मराठी माध्यमातलं असेल तर चाचणी मराठीत घ्या असा आग्रह धरा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचण्या मराठीतही आहेत. इंग्रजी चाचणीत मराठी शाळेतलं मूल नापास होणारच, त्यावरून काहीच ठरत नाही.

शालेय परीक्षांमध्ये सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने 1996 मध्येच घेतला. जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर असं बरंच काही त्यात आहे. मोठ्या मुलांनी दोन निकाल लक्षात ठेवावेत, दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे, 2021 चे. विकास कुमार खटल्यात न्यायालयाने म्हटलं की लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्के अक्षमतेची अट लावता येणार नाही. अवनी प्रकाश खटल्यात डिसग्राफिया असलेल्या विद्यार्थिनीला ‘नीट’मध्ये जादा वेळ नाकारणं चूक ठरवलं. 40 टक्के किंवा जास्त अक्षमता असेल तर सरकारी उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के राखीव जागा आहेत, आणि सरकारी नोकरीतल्या अपंगांच्या आरक्षणातही हा गट आहे. जातीचा दाखला असला तरी हा हक्क वेगळा मागता येतो.

पालक सगळ्यांत जास्त अडतात ते इथे नाही. ‘कागदावर अपंग लिहिलं तर उद्या लग्न कसं जमेल?’ हा प्रश्न आम्हाला प्रत्येक घरात विचारतात, मुलीच्या घरात दोनदा. आम्ही सांगतो की प्रमाणपत्र काढलं तरी ते कोणाला दाखवायचं हे तुमच्या हातात आहे.

अभ्यासिकेत आम्ही आता काय बदललं? सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावणं बंद केलं. धडा आधी वाचून दाखवतो, मग तोंडी उत्तर घेतो. शुद्धलेखनाचे गुण वेगळे, आशयाचे वेगळे. तो मुलगा आता नववीत आहे, जादा वेळ घेऊन पेपर लिहितो. त्याच्या वडिलांनी प्रमाणपत्र जातवैधतेच्या फाईलमध्येच लावून ठेवलं आहे. आईने अजून माहेरी सांगितलेलं नाही.