परसोजी भोसल्याचे पालक

सीताबर्डीच्या लढाईविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तिच्या दहा महिने आधीं नागपूरच्याच राजवाड्यांत एक असहाय माणूस मेला, त्याच्याकडे मात्र वाचकांचें लक्ष क्वचितच जातें.

दुसरा रघूजी भोसले २२ मार्च १८१६ रोजीं मरण पावला. त्याचा पुत्र परसोजी दृष्टीनें, शरीरानें व बुद्धीनें पंगु होता. राजा मात्र तोच. म्हणून जो त्यास ताब्यांत ठेवील त्याचें राज्य, असा प्रकार झाला. आरंभीं राणी बांकाबाई व खजिनदार धर्माजी भोसले यांचा पक्ष प्रबळ होता. एप्रिलांत चुलतभाऊ आप्पासाहेब यानें धर्माजीस कैद करून कारभार घेतला. मे महिन्यांत धर्माजी मारला गेला, व त्याच महिन्यांत आप्पासाहेबानें इंग्रजांशीं तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजीं परसोजी अंथरुणांत मृत आढळला. आप्पासाहेब तेव्हां चांद्याकडे गेलेला होता.

खुनाचा पुरावा रेसिडेंट जेंकिन्स यानें मांडला तो १८१८ त, आप्पासाहेबास पदच्युत करण्याच्या वेळीं. शत्रूनें सोयीच्या वेळीं जमविलेला पुरावा जपूनच घ्यावा. तथापि या मरणानें गादी कोणास मिळाली हें पाहतां आप्पासाहेबास निर्दोष ठरविण्यास आम्ही धजत नाहीं.

परंतु आमच्या मतें खरा प्रश्न वेगळाच आहे. वेड्या माणसाचा देह सहसा त्याच्या वारसाच्या हवालीं करीत नाहींत, कारण त्याच्या मरणांत वारसाचा लाभ असतो. मालमत्ता मात्र वारसाकडे देतात, कारण ती राखण्यांत त्याचा स्वार्थ असतो, असा विलायतेंतील रिवाज ब्लॅकस्टन यानें १७६५ तच नमूद केला होता. तरीहि इंग्रजांनीं येथें वारसासच पालक म्हणून मान्यता दिली. तहावर सही करणारा हात त्यांस हवा होता. राजाच्या उशाशीं कोण बसतो याची त्यांस फिकीर नव्हती.

आज स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या घरींहि जेवूं घालणारा, औषध देणारा व कागदावर अंगठा उठवून घेणारा पुष्कळदां एकच असतो, व तोच वारसहि असतो. यांतील बहुतेक जण मनापासून सेवा करतात, हें आम्ही जाणतों. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानें परत मिळवितां येते. मरणानंतर वारसाहक्कानें आपोआप येणाऱ्या मिळकतीस ती अट नाहीं.

आप्पासाहेब १८१८ त कैदेंतून निसटला व १८४० त जोधपुरास वारला. नागपुरास अल्पवयी तिसरा रघूजी गादीवर बसला. त्याचा सांभाळ बांकाबाईकडे व राज्याची व्यवस्था जेंकिन्सकडे आली. या वेळीं पालक वारस नव्हते. पुढें १८५३ त रघूजी निपुत्रिक वारला, व १८५४ त कंपनीनें राज्य खालसा केलें.